बावीस दिवसांची ताजी भाकरी

मुलांचं वसतिगृह, खोली नंबर नऊ,
सोलापूर. मंगळवार.

तीर्थस्वरूप धुळातात्यांच्या पायांवर इथूनच डोकं ठेवून पुतण्या बिरुदेव कळवतो की मी इकडं खुशाल आहे, आणि तुमचा उजवा गुडघा, काळ्या कानाची मेंढी, डाळिंबाची नवी रोपं आणि काकी हे सगळे तिकडं खुशाल असतील अशी आशा करतो. (याच क्रमानं विचारलं हे काकींना सांगू नका.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तात्या, फोनवर तुम्ही "बोल की" म्हणता आणि फोन खिशात टाकून मेंढरं हाकायला लागता. मागच्या खेपेला माझा निकाल मी वीस मिनिटं मेंढरांनाच सांगत होतो. म्हणून हे पत्र आपल्या दुधाच्या गाडीवाल्याजवळ देतोय, तुमची दिपाली वाचून दाखवेल. (दिपे, स्वच्छ वाच आणि मधे स्वतःचं काही घालू नकोस.)

बातमी अशी आहे की तुमच्या पुतण्यानं कॉलेजात घराण्याचं नाव काढलं. आमच्या कँटीनात दुपारी काय मिळतं, तर वडा, समोसा, भजी आणि वडा संपला असेल तर पुन्हा भजी. सोमवारचा समोसा बुधवारी मिसळीत भेटतो, आता तर आम्ही एकमेकांना ओळखायला लागलोय. माझ्या खोलीतला सिद्धांत (करमाळ्याचा, अभ्यासू पोरगा, पण पोट नाजूक) पित्तानं भर तासाला आडवा झाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला. प्राचार्य भले माणूस. त्यांनी सांगितलं की पार्किंगजवळची खोली रिकामी आहे, विद्यार्थ्यांचा जो गट दुपारचं ताजं आणि पौष्टिक जेवण देऊन दाखवेल त्याला ती देऊ. चैताली मॅडम परीक्षा घेतील आणि पहिली अट म्हणजे जिन्नस त्याच दिवशी केलेला पाहिजे. ही अट मी नीट ऐकायला पाहिजे होती, पण तेव्हा मी भाषण करायला उठत होतो.

भाषण मात्र असं झालं तात्या, की तुम्ही ऐकायला पाहिजे होतं. मी म्हणालो, आमचे चुलते मेंढरांमागं चार-चार महिने रानात काढतात आणि भर वाऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर ज्वारीची अशी भाकरी करतात की पापुद्रा फुंकरीनं उडावा, आणि मी त्यांच्या हाताखाली तयार झालोय. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. (दिपे, खोकला आला असेल तर पाणी पी.)

परीक्षा काल, सोमवारी झाली. आमच्याशिवाय आणखी दोन गट होते. एकानं मोड आलेली मटकी आणली होती, पण मधे रविवारची सुट्टी आल्यानं मोड बोटभर वाढले आणि वनस्पतीशास्त्राच्या सरांनी ती वाटी तासाला दाखवायला म्हणून मागून घेतली. दुसऱ्यानं पपई कापून ठेवली होती. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, बारा वाजता ती पपई चमच्यानं खायची का ग्लासानं प्यायची हे कुणालाच ठरवता येईना. मग आमचं टेबल आलं. उखळात कुटलेली शेंगाचटणी, मसूरची उसळ, ताक, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि मधोमध अकरा भाकऱ्यांची चवड.

भाकऱ्या कडक होत्या. चैताली मॅडम नाशिककडच्या, त्यांनी एक उचलून टेबलावर वाजवून पाहिली आणि ही अशी का, म्हणून विचारलं. मी छाती काढून सांगितलं की मॅडम, ही सोलापूरची कडक भाकरी, आमच्या जिल्ह्याचा मान आहे, वाळवून ठेवली की महिना-महिना टिकते आणि प्रवासाला, रानाला हिच्यासारखी सोबत नाही. प्राचार्यांनी एक तुकडा टेबलाच्या कडेवर मोडून घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले की अशी कडक भाकरी मी जन्मात खाल्ली नाही. तात्या, त्या क्षणी तुम्ही तिथं पाहिजे होतात. पोरांनी उसळीत बुडवून, ताकात भिजवून सगळ्या भाकऱ्या फस्त केल्या. सिद्धांतनं तर तीन तुकडे खाल्ले आणि त्याला पित्त झालं नाही. एवढ्यात मॅडमनी विचारलं, कधीची आहे ही?

आता कडक भाकरी जितकी मुरलेली तितका तिचा मान, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, बावीस दिवसांची.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पहिली अट काय होती, ते त्यांनी मला वाचून दाखवलं आणि ताजेपणाच्या रकान्यात शून्य टाकलं. मी पाव तास भांडलो की भाकरीचं वय हा तिचा गुण आहे, दोष नव्हे, पण शून्य काही हललं नाही. शेवटी प्राचार्यांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली (तोंड अजून मोकळं झालं नव्हतं), ताक प्यायले आणि निकाल दिला. येत्या सोमवारी बारा वाजता, सगळ्यांसमोर, तव्यावरून ताटात भाकरी पडली पाहिजे. भाकरी फुगली तर खोली आपली, नाहीतर ती कँटीनवाल्याला मंच्युरियनची गाडी लावायला जाणार. मी तिथल्या तिथं हो म्हणालो. धुळातात्यांचा पुतण्या असल्या गोष्टीला न्हाय म्हणत नसतो.

काकींना नमस्कार, मेंढरांना माझा निकाल आठवत असेलच.

तुमचं नाव राखून असलेला,
बिरुदेव

ता. क. तुम्ही रविवारी संध्याकाळच्या एसटीनं या. नुसतं बघायला. येताना काठवट, तवा आणि नव्या ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ आणा, इथल्या पिठाला विरी नाही, थापायला गेलं की फाटतं. आणि आलाच आहात तर भाकऱ्याही तुम्हीच करा.

ता. क. दुसरा. (दिपे, हे वाचू नकोस, कागद तात्यांच्या हातात दे. पण तात्यांना वाचता येत नाही, म्हणजे वाचणार तूच. मग हळू वाच आणि गावभर करू नकोस.) तात्या, त्या भाकऱ्या बावीस दिवसांच्या नव्हत्या. त्या मी त्याच दिवशी सकाळी सहाला वसतिगृहाच्या गॅसवर केल्या होत्या आणि मऊ करायला गेलो होतो. एकही फुगली नाही आणि दहा वाजेपर्यंत त्यांच्या फरश्या झाल्या. खरं सांगितलं असतं तर ताजेपणाचे पूर्ण गुण मिळाले असते. पण मग धुळातात्यांच्या पुतण्याला भाकरी येत नाही हे अख्ख्या कॉलेजला कळलं असतं, आणि तुमचं नाव मी भाषणात घेऊन बसलो होतो.

ता. क. तिसरा, आणि हे खरं लिहायचं होतं. पहिल्या वर्षी मी तुमची भाकरी सायकल स्टँडच्या मागं बसून खायचो. तुम्ही मला सोडायला आलात, खांद्यावर घोंगडं होतं, आणि हे कोण म्हणून वॉचमननं विचारलं तेव्हा मी म्हणालो, गावाकडचे एक गृहस्थ आहेत. तुम्ही ते ऐकलंत. पिशवी माझ्या हातात दिलीत आणि एसटीला गेलात. ते मला अजून लागून राहिलंय. सोमवारच्या फलकावर मी माझ्या हातानं लिहिलंय, "भाकरी करणार: धुळातात्या, बिरुदेवचे चुलते." तेव्हा लाल पटका बांधून या, घोंगडं आठवणीनं आणा आणि मोठ्या दारानं या. मी तिथं उभा असेन. वॉचमन अजून तोच आहे.