निनावी फॉर्मांवरची नावे

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. तुमची कंबरदुखी आणि मामीचा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा करतो. मी ठीक आहे, फक्त जेवण जात नाही.

आपल्या कचेरीत (तुम्ही निवृत्त झालात तरी मी ‘आपल्या’च म्हणतो) कागद जाऊन संगणक येणार आहेत. हा बदल आम्ही मनापासून स्वीकारावा म्हणून वरून एक प्रशिक्षक बाई आल्या आणि दिवसभर भावनिक बुद्धिमत्ता शिकवून गेल्या. म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखायचे. (मला वाटे, कचेरीत ते ओळखू न देणे हेच कौशल्य.) शेवटी सर्वांकडून फॉर्म भरून घेतले : मनात असेल ते मोकळेपणाने लिहा, नाव लिहू नका. तेवीस फॉर्म आवक नोंदीसाठी माझ्या टेबलावर आले. आता मामा, निनावी कागद आवक करायचा नाही हे तुम्हीच मला शिकवलेत. सहा महिने सगळ्यांचे अक्षर पाहतो आहे, त्यामुळे प्रत्येकाचे ओळखतो. म्हणून फॉर्मांवर नावे लिहिली, आधी पेन्सिलने, मग पुसली जातील या भीतीने शाईने, आणि गठ्ठा साहेबांकडे पाठवला.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून तो नावासकट मोठ्याने वाचायला घेतला. तुमचे जुने जोडीदार हेडक्लार्क यांनी लिहिले होते, बदलाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, माझ्या निवृत्तीनंतर. टायपिस्ट बाईंनी लिहिले होते, पंधरा वर्षे साहेबांचे ओरडणे ऐकते आहे, आणखी कसली बुद्धिमत्ता हवी? साहेब एकदम मऊ झाले. “बाई, इतकं सोसलंत?” “सोसलं कुठलं साहेब, टाइप केलं.” पुढचे फॉर्म त्यांनी वाचलेच नाहीत.

तेव्हापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. हेडक्लार्क तर हातभर अंतरावरून चिठ्ठी लिहितात (मी ती आवक करून घेतो). मला कायम करण्याचा अहवाल त्यांच्याच हातात आहे, शुक्रवारी जायचा आहे, आणि ‘सहकाऱ्यांशी संबंध’ हा रकाना अजून कोरा आहे.

मामीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. : खरे म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. हेडक्लार्क तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. मुलगा वाईट नाही, फार सरळ आहे, अशा चार ओळी त्यांना लिहा.

आणखी एक ता. क. : हेडक्लार्कनी आत्ताच विचारले, “काय रे लिहितोस एवढं?” (तीन दिवसांत पहिल्यांदा तोंडाने.) भावना लपवू नयेत असे शिकवले आहे, म्हणून मी पत्रच हातात दिले. त्यांनी उभ्या उभ्या वाचले, टायपिस्ट बाईंच्या वाक्याला हसले आणि समासात शेरा मारला : ‘वाचले. कायम करण्यास हरकत नाही. मात्र यापुढे कोणत्याही प्रशिक्षणास पाठवू नये.’ तेव्हा मामा, आता तुम्ही काही लिहू नका. हे पत्रही पाठवायची गरज उरली नव्हती, पण त्याला जावक क्रमांक पडला आहे.