नावेचा तळ आणि आखाजी

काठोरे, जि. धुळे
१२ मार्च १९८९

ती. सौ. सुनंदाअक्कास,
भाईदासचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. भाऊजी आणि मुलंही ठीक असतील. मुख्य बातमी अशी की आपली अ‍ॅल्युमिनियमची नाव मी अंगणात आणून तिचा आतला तळ पार उखडला आहे. दोन वर्षांपूर्वी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी येताना तुझा पाय ज्या फळीतून खाली गेला, ती प्लायवूडची फळी हाताने चुरली. पत्रा मात्र टणक आहे. तू अडकलीस, सगळे एका बाजूला धावले, पाणी आत आलं आणि नाव बुडाली, कारण तरंगण्यासाठी खाली भरलेला फोमच पाणी पिऊन धोंडा झाला होता.

धरणाच्या पाण्याने रस्ता गिळल्यापासून नाव हीच आपली एसटी. मायही त्या दिवशी नावेत होती, तेव्हापासून ती पाण्याकडे फिरकत नाही. पण गेल्या आखाजीलाही तिने तुझ्यासाठी निंबाला झोका बांधायला लावला आणि तो रिकामाच हलला. यंदा तळ नवा करतो आणि तुला न्यायला मीच मुराळी येतो. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो यंदा पाणी ओलांडून यावा.
तुझा, भाईदास

पिंप्राळा, जळगाव
१९ मार्च १९८९

चि. भाईदास यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या हातचं सुतारकाम म्हटलं की मला धडकी भरते. तू लग्नात दिलेल्या पाटावर अजून मांजरसुद्धा बसत नाही.

यावलहून माझे दीर तोताराम आले होते. त्यांचं म्हणणं, फोमबिम कशाला, खाली केळीचे खांब भरा, लागतील तेवढे नेऊन टाका. आपण दोघं केळीच्या खांबावरच पोहायला शिकलो, ते आठवून मलाही पटलं, म्हणून कळवते. पण मी येईन असं धरून चालू नकोस. फळी मोडल्याचा आवाज अजून कानात आहे.

मायला नमस्कार. माया असू दे, आग्रह कमी असू दे.
तुझी, अक्का

काठोरे
१६ एप्रिल १९८९

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या दिरांना माझा दंडवत कळव. केळीचे खांब भरल्यावर नाव आठवडाभर अशी तरंगली की मी गावभर मिरवलो. मग उन्हाने ते सडले. फळ्यांखालून काळं पाणी झिरपायला लागलं आणि असा वास सुटला की पलीकडच्या काठावरचे लोक नाव दिसताच नाक धरून उभे. मायने मला जेवायला बाहेर ओट्यावर बसवलं.

शेवटी दोंडाईच्याचा अय्युब मिस्त्री आणला. हसू आवरल्यावर तो कामाला लागला. तेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन आणून त्यांची झाकणं डांबराने बंद केली आणि ते तळाशी ठासून बसवले. पाणी मागे वाहून जायला वाट ठेवली, फोमला तीच नव्हती. वर सागाच्या फळ्या, जवसाचं तेल पाजलेल्या.

काल परीक्षा घेतली. नाव बादल्यांनी काठोकाठ भरली आणि मी, अय्युब, शेजारचा मगन असे तिघे आत उभे राहिलो. डुलली, पण बुडाली नाही. माय लांबून बघत होती. दुपारी मात्र गुपचूप अंगणात येऊन काठावरून ओढून आणलेल्या नावेच्या फळ्यांवर टाच आपटून गेली.

लोभात आता खोट नाही, नावेतही नाही.
तुझा, भाईदास

पिंप्राळा
२३ एप्रिल १९८९

चि. भाईदास यास आशीर्वाद.

वाचून खूप हसले. तोतारामभाऊजी म्हणतात, केळी चांगलीच होती, ऊन वाईट होतं.

पण खरं सांगते. परवा पिशवी भरून स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. खोट तुझ्या कामात नाही रे, माझ्या मनात आहे. मला पाण्याची भीती वाटते, आणि माझ्या भीतीपायी माय झोका बांधून बसते, याची लाज वाटते. मुराळी येऊ नकोस. तुला दारातून एकट्याला परत पाठवणं मला जमायचं नाही. मायला सांग, दिवाळीला बघू.

राग न धरता लोभ धरावा.
तुझी, अक्का

पिंप्राळा
४ मे १९८९

चि. भाईदास यास अनेक आशीर्वाद.

काल दुपारी दार वाजलं. वाटलं, तू ऐकलं नाहीस, आलासच. तर दारात माय, डोक्यावर गाठोडं घेऊन. सोबत अय्युबची आई हसीनाबी, ती मायला सोबत करायला आपल्या गावी आली होती आणि इथे लेकीकडे उतरली आहे. तू दोघींना नावेतून आणून दोंडाईच्याला गाडीत बसवलंस आणि मला कळवलं नाहीस, ते नंतर बघू.

हसीनाबी सांगत होती, माय निम्मं पाणी डोळे गच्च मिटून बसली होती, मग मधोमध आल्यावर उठून फळीवर उभीच राहिली. मला मात्र तिने फक्त लुगड्याचा काठ दाखवला. कोरडा होता. मी म्हटलं, मुराळी भाऊ येतो, आई कधी येते का. तर म्हणाली, भाऊले नही म्हनशी, माले कशी म्हनशी?

मला नाही म्हणता आलं नाही. तिच्या गळ्यात पडून रडले, मग चहा टाकला.

शनिवारी आम्ही दोघी निघतो. पत्र हसीनाबीच्या हाती देते, ती उद्या परत जाते. नाव काठाला लावून ठेव. पाण्यात मी मायचा हात धरेन, ती माझा धरेल, घाबरलं कोण ते विचारू नकोस. आणि झोक्याची गाठ तू मारू नकोस, अय्युबला मारायला सांग.

लोभ पुष्कळ आहे, वल्ही सावकाश मारावीत.
तुझी, अक्का