टाके निघाले

बिबवेवाडी, पुणे

आई, तुम्हाला माझा मनापासून जयभीम.

सुगतच्या डोक्याचे टाके काल काढले. स्कूटरवरून पडल्यावर मेंदूला आलेली सूज उतरतेय, असं डॉक्टर म्हणाले. आता तो स्वतःच्या हातानं जेवतो. तुमचं नाव काढलं की हसतो.

तुमचा गुडघा कसा आहे? एवढ्या लांब धावत येऊ नका.

त्याला थोडा विसर पडतो, हळूहळू आठवेल म्हणतात. आज मी त्याचं तोंड पुसत होते, तर म्हणाला, “ताई, तुम्ही फार दमलात. घरी नवरा वाट बघत असेल, जा आता.”

“जाते,” म्हटलं आणि तिथंच बसले. पंख्याचा वारा लागत होता. त्यानं आपली अर्धी चादर माझ्या पायांवर ओढली.

तुमची सून,
प्रियदर्शनी