माशांच्या तीन पाळ्या

अहो,

मी ताईकडे खजरान्याला जातेय, परवा येईन. पोळ्या डब्यात आहेत, भाजी तेवढी गरम करून घ्या.

सकाळी काचेच्या टाकीत आणखी दोन मासे उलटे तरंगत होते, ते मीच काढले. उपाशी नाही मेले बिचारे, खाऊन खाऊन मेले. दुकानवाल्या भियाने बजावलं होतं, दिवसातून एकदा, चिमूटभर. पण मिल बंद होऊन वर्ष झालं तरी तुम्ही सात, तीन आणि अकराच्या ठोक्याला मूठभर दाणा ओतता, जसं काही त्यांना पाळीवर जायचंय! वीस वर्षं जॉबर होतात, खात्यातल्या माणसांना कामाला लावत होतात, आता कोणाचं ऐकणार?

एकच उरलाय. झुंडीतली जात ही, एकटा पडला की कोपऱ्यात तोंड घालून बसतो. त्याला पाच सोबती आणा. दाण्याचा डबा शोधू नका, मी सोबत नेतेय. दोन दिवसांच्या उपासाने काही मरत नाहीत.

मिलमधले तुमच्या खात्यातले लोक परदेशीपुऱ्याच्या चौकात रोज जमतात. काल मला विचारत होते, जॉबरसाहेब दिसत नाहीत आजकाल?

मी सांगितलं, ड्यूटीवर आहेत.

कुमुद