आखाजीची शिवी

प्रिय नाना,

काल अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझ्या नावाची घागर भरली. घास निखाऱ्यावर ठेवला, तुला हाक मारली, आणि जाळ काही उठेना. लगेच अख्खी भावकी तुझ्या मनात काय राहिलं ते सांगायला लागली. जिवंत होतास तेव्हा यांतल्या कोणी तुला चहाचंही विचारलं नव्हतं. म्हणून म्हटलं, सरळ तुलाच लिहावं. खरं सांगू? वहिनीचे कोळसे ओले होते.

तू गेल्यापासून या घरात संक्रांतीला तीळ नाही, होळीला रंग नाही. भांग बिघडतो म्हणून हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवणारा शहाणा माणूस तू. पारोळ्याला शेवटचा आलास तो डोकं पट्ट्यांत गुंडाळून. भांग कोणाला दिसलाच नाही रे. केवढी मेहनत वाया गेली!

तुझ्या मनूचं बोलणं तेव्हापासून 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर आलंय. शाळेतल्या बाई वहिनीला म्हणाल्या, पोरगी फार गुणी झाली. आपल्या घरातली मुलगी गुणी झाली म्हणजे डॉक्टरच गाठायला हवा, नाही का?

धुळ्याहून निघतानाच मी ठरवलं होतं, झोका बांधायचा. दरवर्षी मला माहेरी आणून तूच अंगणातल्या निंबाला दोर टाकायचास ना? तर काकू दारातच आडव्या आल्या.

"आवंदा झोका नही बांधाना, शकू. पोरना बाप जायेल शे. लोके काय म्हनतीन?"

त्यांच्या हातात आमरसाची वाटी होती, पुन्हा भरून घेतलेली.

"काकू, दुखवटा तुमना पोटले लागू नही का?"

वाटी काही त्यांनी खाली ठेवली नाही. पण दोर कुठे ठेवलाय ते सांगितलं.

झोका बांधला. मनू बसली, पाय जमिनीला टेकवून, एस.टी.ची वाट बघणाऱ्या म्हातारीसारखी. मी ढकललं तर म्हणाली, "नको." इतकं चिडले मी तुझ्यावर! मरायचं ते मरायचं, आणि पोरीचा झोकाही बरोबर न्यायचा?

संध्याकाळी तिला पोरींबरोबर गौराई पाण्यात शिरवायला नदीवर नेलं. आठवतं ना, दोन्ही काठांच्या पोरी एकमेकींचे बाप-भाऊ कसे काढतात ते? पलीकडून दरवर्षीचीच शिवी आली.

"ये लाल फ्रॉकवाली, तुना बाप कोठे पळी ग्या वं?"

ओरडणारीला काही माहीत नव्हतं. शिवी ठरलेलीच; यंदा तेवढी खरी निघाली. लाल फ्रॉक आपल्या मनूचा होता.

मी दगड उचलला. आणि मनू मला बाजूला सारून खडकावर चढली, कमरेवर हात ठेवले.

"मना बाप मरी ग्या! तुना जित्ता शे, तरी काय कामना शे?"

मग पलीकडची ती पोर फिसकन हसली. बापाला ओळखून असावी. आणि मनू हसली. तुझ्या मरणावर हसली, नाना, पोट धरून. मग रडली. मग पुन्हा दोन शिव्या दिल्या, त्यांतली एक थेट तुला होती. ती लिहीत नाही. ऐकली असशीलच.

राग आला? येऊ दे. तुझ्या रागाला आता कोण विचारतंय?

घरी आल्या आल्या ती झोक्यावर उभी राहिली. वहिनी खोलीतून बाहेर आली आणि मागून झोका देऊ लागली. काकू काहीतरी पुटपुटल्या. आमरस संपला होता. वरून मनूनं विचारलं, "आत्या, पप्पांना ऐकू गेलं असेल का गं?"

"अमळनेरपर्यंत गेलं असेल. तो काय बहिरा आहे?"

तर नाना, पुढच्या आखाजीला झोका त्याच फांदीला बांधीन. खापरावरचे मांडे माझ्या हातून फाटतात; ते तू फाटकेच खा. पोरीला काठावर गप्प बसू देणार नाही, मग त्यात तुझा उद्धार झाला तरी चालेल. आणि ते हेल्मेट मी धुळ्याला घेऊन जातेय. मनू गाडी शिकेल तेव्हा मी स्वतः तिच्या डोक्यावर घालीन. तिचा भांग बिघडला तर बिघडला.

तुझी तोंडाळ बहीण,
शकू