कर्णाचा वर्ग आणि उरलेल्या फरश्या

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं बरं दिसत नाही. पण मी रागावलोय. भाटघरकडच्या आपल्या शाळेत साहेब तपासणीला आले तेव्हा तुम्ही मलाच उभं केलंत. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. एका दमात म्हणालो. टाळ्या पडल्या, तुम्ही नवी कंपासपेटी दिलीत. साहेबांची जीप गेल्यावर मी तुमच्या मागं मागं येतोय, "सर, पण ह्यात वर्ग दिसतो कुठं?" तुम्ही चष्म्यावरून बघता. "पाठ आहे ना तुला? मग झालं. जास्त डोकं चालवू नकोस." दहावीला व्याख्या सगळ्या आल्या, गणित एकही सुटलं नाही. घरचे ढ म्हणाले, मीही मानलं. मग सारोळ्याला ढाब्यावर काम, मग टेम्पोवर क्लीनर. त्या टेम्पोचा ड्रायव्हर वाटेत दिसेल त्या कुत्र्याला बिस्कीट घालायचा, त्यामुळं आम्ही कुठंच वेळेवर पोचायचो नाही. ते जाऊ दे.

आता पानशेतला पुणेकरांच्या बंगल्यांवर फरशी बसवतो. परवा मिस्त्री खोलीची आखणी करत होते. "हितनं तीन फूट, तितनं चार, आन् तिरकं बरोबर पाच भरलं की कोपरा काटकोनात." मी विचारलं, असं का? "का, ते आमच्या म्हाताऱ्याला इचार जाऊन. तो कवाच वर गेलाय." जेवणाच्या सुट्टीत मी फूटभराच्या उरलेल्या फरश्या घेतल्या. तीन फुटांच्या बाजूला लागून चौरस मांडला, नऊ लागल्या. चाराच्या बाजूला सोळा. त्याच सगळ्या उचलून तिरक्या बाजूला मांडल्या. पंचवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. वर्ग म्हणजे खरोखरचा चौरस, सर. चौरस मला पहिलीपासून माहीत होता. एवढं एक वाक्य तुम्ही बोलला नाहीत, आणि मी इतकी वर्षं स्वतःला ढ समजत फिरलो. तुम्हाला ते माहीत असून सांगितलं नसेल तर राग येतो. माहीतच नसेल तर जास्त येतो.

मिस्त्री भाकरी हातात घेऊन बघत उभे राहिले. "आयला, हे कुणी शिकवलं रं तुला?"

"आमच्या सरांनी," मी म्हणालो.

"लई भारी मास्तर भेटला म्हणायचा."

मी नाही म्हटलं नाही. हे तुम्हाला कधी कळणार नाही, म्हणूनच लिहितोय.