आत्याचं वय

३ फेब्रु. ८४, शुक्र.
ऑफिसात सरांना माझ्या योजनेचे आकडे पटले. खेडोपाडी बायकांची तोंडं तपासायची. मिश्रीनं गालात चट्टा पडतो तो लवकर सापडला तर इलाज स्वस्तात होतो, उशिरा सापडला तर खर्चही जातो आणि माणूसही. माझं खर्चाचं गणित एवढंच सांगतं, पण त्यासाठी दोन वर्षं घासली. वयाची मर्यादा मी ठरवली, पस्तीस ते साठ. साठीपुढं तपासणीचा खर्च तोच, वाचणारी आयुष्याची वर्षं थोडी. सर म्हणाले, छान, ठाम आहे. फुशारून पेढे घेऊन घरी. सुमन म्हणाली, "कॅन्सरचे पेढे पहिल्यांदाच खातेय."

१२ फेब्रु., रवि.
कोडोली. शाळेत तपासणीचं शिबिर. लिहू नये असं वाटतंय.
रांगेत आत्या. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, हिच्याच घरी राहून शिकलो. मी टेबलाशी, शेजारी सर आणि सरपंच. नर्सनं वय विचारलं. आत्या ठणठणीत आवाजात, "पासष्ट."
खरं वय सत्तावन्न. पासष्ट मीच पढवलेलं, गेल्या साली निराधार म्हाताऱ्यांचा सरकारी पगार चालू व्हावा म्हणून. वयाच्या दाखल्याला मीच सोबत गेलतो. कुणीबी विचारलं तर हेच सांगायचं, असं बजावलं होतं.
नर्स म्हणाली, "साठच्या वर नाही आजी, जावा घरी."
आत्यानं माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोललो असतो तरी... पण सरांसमोर, सरपंचासमोर दाखल्याचं खोटं बाहेर पडलं असतं. मी पेनाचं टोपण घट्ट लावत बसलो. ती गेली. जाताना ओळखसुद्धा दाखवली नाही तिनं, माझ्यासाठी.
हरामखोर आहे मी.

१३ फेब्रु.
सुमन : "आत्या भेटल्या का?" गर्दी होती म्हणालो.

१९ फेब्रु., रवि.
राहवेना, कोडोलीला गेलो. आत्या दारात मिश्री लावत बसलेली, एकाच बाजूनं. उजवीकडं झोंबतं म्हणे.
"कधीपासनं?"
"दिवाळीपासनं असंल. म्हणून तर आलतो की शाळंत."
तोंड उघडायला लावून बॅटरी मारली. गालाच्या आत पांढरा चट्टा, मधे लाल. डॉक्टर नसलो तरी या चट्ट्याचे फोटो इतके बघितलेत की लगेच ओळखला.
म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं."
"न्हाय बोललास तेच बरं झालं. चार माणसांत तुझी शोभा झाली असती."
तिच्या गालात ते वाढतंय आणि तिला माझ्या शोभेची काळजी. दवाखान्याचं बघतो म्हणालो आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत आलो.

२१ फेब्रु., मंगळ.
मर्यादा सत्तर धरून सगळं गणित परत केलं. उत्तर तेच, साठच बरोबर. म्हणजे खोट गणितात नाही, वयात आहे. पगारासाठी वय वाढवलेल्या अशा आणखी किती आत्या असतील? त्या सगळ्या माझ्या टेबलावरून घरी परत जाणार.
सरांना म्हणालो, नोंदलेल्या वयांवर विसंबता येणार नाही.
"दाखले आहेत की. तुला कुठून कळलं?"
अंदाज आहे, म्हणालो. षंढासारखा.
"अंदाजावर अहवाल बदलत नसतात." शुक्रवारी तो अहवाल पुण्याला जातोय, मंजूर झाला की सगळीकडं हीच मर्यादा.

२२ फेब्रु.
सुमनला सगळं सांगितलं. दाखला, शिबिर, चट्टा. ओरडेल वाटलं होतं. एवढंच म्हणाली, "आणि आत्यांना तिथंच ठेवून आलात?"
खरंच की. रविवारीच उचलून आणायला काय झालं होतं? घरी येऊन मी गणित करत बसलो.

२३ फेब्रु., गुरु.
पहिल्या गाडीनं जाऊन आत्याला घेऊन आलो. सरकारी दवाखाना, केसपेपरची खिडकी. नाव सांगितलं, गाव सांगितलं. कारकुनानं वय विचारलं तशी आत्या माझ्याकडं वळली.
"बाळू, हितं किती सांगू रं?"
मागच्या बायका हसल्या. सत्तावन्न, म्हणालो. दोनदा सांगावं लागलं.
"मग पगार?" आत्यानं हळूच विचारलं. मी देईन म्हणालो. "तसं न्हवं. तुझ्या सायबाला कळलं म्हंजे?"
डॉक्टर आत्याला म्हणाले, "आजी, इतके दिवस काय करत होता?" चट्ट्याचा तुकडा तपासायला काढून घेतलाय. पुढच्या आठवड्यात कळेल.
अहवाल अजून माझ्या पिशवीत आहे. उद्या सकाळी सरांकडं द्यायचा. देताना दाखल्याचं सांगायचं असं ठरवलंय. ठरवलं तर मंगळवारीही होतं.
स्वैपाकघरातून आत्याचा आवाज येतोय. सुमनला सांगतेय, "माझंच चुकलं की गं. शाळंत मी साठच्या आतलं कायतरी सांगायला पायजे होतं. उगंच पोराच्या जिवाला घोर."
उठून आत जायला पाहिजे. अजून खुर्चीतच बसलोय.